बारा मिलिमीटर

साल १९३४, जून लागलेला. तुम्ही वरळीच्या बीडीडी चाळीत तिसऱ्या मजल्यावर, लांब बोळाच्या टोकाशी उभे आहात. दोन्ही बाजूंना एकशेसाठ चौरस फुटांच्या खोल्या, दारं सताड उघडी, कारण पाऊस अजून पडायचा आहे आणि उकाड्याने जीव नकोसा झाला आहे. एरवी या वेळी बोळात बायका आणि पोरं तेवढी दिसतात. आज पुरुषही घरीच आहेत. एप्रिलच्या अखेरीपासून गिरण्यांमध्ये सार्वत्रिक संप चालू आहे, आणि खालच्या रस्त्यावरून लाल बावट्याच्या सभेची वेळ कोणीतरी ओरडत चाललं आहे.

तुमच्या शेजारी कठड्याला टेकलेला साचेवाला साताऱ्याकडचा. दोन साच्यांवरच्या माणसाने आता जास्त साचे सांभाळावेत असा मालकांचा आग्रह, आणि वर पगाराला कात्री. तो तुमच्याकडे न बघताच बोलतो, "मालक म्हनतो, जपानचं कापड सोस्त पडतं, म्हनून तुमचा पगार कापला. आता जपान काय आमी बगितलाय व्हय?"

जपानचं कापड खरंच स्वस्त पडत होतं. जून १९३३ मध्ये सरकारने ब्रिटिशेतर कापडावरची जकात ७५ टक्क्यांवर नेली, तेव्हा जपानी गिरण्यांनी उलट हिंदी कापसावर बहिष्कार घातला, आणि वऱ्हाड-खानदेशातल्या आखूड धाग्याच्या कापसाला गिऱ्हाईक उरेना. जानेवारी १९३४ मध्ये तडजोड ठरली. जपानने वर्षाला १० लाख गासड्या कापूस न्यायचा आणि त्यापोटी ३२.५ कोटी वार कापड इथे विकायचं. कापूस १५ लाख गासड्यांवर गेला तर कापड ४० कोटी वारांपर्यंत. अकोल्याकडच्या शेतकऱ्याचा भाव आणि वरळीच्या साचेवाल्याची हजेरी अशी एकाच करारात बांधली गेली होती. एकाला जगवायचं तर दुसऱ्याच्या बाजारात जपानी ठाण येणार होतंच.

हा कापूस नेणारी मुंबई-कोबे बोटसेवा १८९३ साली जमशेटजी टाटांच्या पुढाकाराने सुरू झाली होती. बोटी निप्पॉन युसेन काइशाच्या, आणि ती कंपनी मित्सुबिशीच्या घराण्यातली. तिशीच्या दशकात जपानच्या निर्यातीत सुती कापडाचा वाटा सगळ्यात मोठा होता. तेल, लोखंड, यंत्रं, जे जे बाहेरून आणायचं त्याचे पैसे या कापडातून उभे राहत. साचेवाल्याला जे दिसत नाही ते तुम्हाला बघता येईल. त्याच जूनमध्ये जपानला चला.

मित्सुबिशी हेवी इंडस्ट्रीज हे नाव त्याच घराण्यातल्या दुसऱ्या एका कंपनीने याच वर्षी घेतलं आहे. समोर एक नवी गाडी उभी आहे, रंगाचा वास अजून न गेलेली. हलक्या रणगाड्याचा पहिला नमुना. पुढे त्याला टाइप ९५ म्हणतील, जपानी राजवंशाच्या कालगणनेतल्या २५९५ सालावरून, आणि त्याचं दुसरं नाव असेल हा-गो. गोल बुरूज मधोमध नाही, थोडा डावीकडे सरकलेला. चार रबरी धावांची मोठी चाकं एका बाजूला, तितकीच दुसऱ्या बाजूला. चाकांच्या वर, कुशीला, एक आडवी नळी. तिच्यात स्प्रिंग आहे. पुढचं चाक उचललं की त्याचा दाब आडवा होऊन मागच्या चाकांकडे जातो. तोमिओ हारा या लष्करी अभियंत्याची ही रचना. साधी, थोड्या भागांची, कमी जागा खाणारी. त्या काळच्या जपानी उद्योगाला झेपेल असंच यंत्र त्यांनी बांधलं, आणि मला ते काम मनापासून सुंदर वाटतं.

गाडी का हवी होती, ते तिथल्या अधिकाऱ्यांच्या बोलण्यातून कळतं. १९२९ सालचा टाइप ८९ रणगाडा ताशी २५ किलोमीटर चाले आणि लष्कराचे ट्रक ताशी ४०. मांचुरिया गिळल्यावर १९३३ मध्ये जेहोल प्रांतावर चाल झाली, तेव्हा रणगाडे मागे राहिले आणि ट्रकमधलं पायदळ पुढे गेलं. म्हणून ट्रकांच्या बरोबरीने धावणारा रणगाडा हवा. समोरचा नमुना चाचणीत ताशी ४३ किलोमीटर गेला आहे, तरी चेहरे खूश नाहीत. वजन साडेसात टन भरलं, ते जास्त आहे. एक टन उतरवा, असं ठरतं.

मग वाद होतो तो चिलखताचा. पोलाद सगळ्यात जाड आहे तिथे १२ मिलिमीटर, करंगळीच्या रुंदीइतकं, कुठे कुठे नुसतं ६. पायदळाचे अधिकारी म्हणतात, एवढ्याने आमच्या माणसांना आडोसा मिळणार नाही. घोडदळाचे म्हणतात, आम्हाला वेग आणि तोफ पुरे, आमच्या चिलखती मोटारींपेक्षा हे नक्कीच बरं. दोघांच्या मनात एकच शत्रू आहे: चीनचं सैन्य, ज्याच्याकडे रणगाडाभेदी तोफा थोड्या. रायफलची गोळी अडली की काम झालं. शिवाय ही गाडी बोटीतून उतरवायची, कच्च्या पुलावरून न्यायची, स्वस्तात शेकड्यांनी बनवायची. त्या टेबलावर घोडदळ जिंकलं. बारा मिलिमीटर हा आकडा अज्ञानातून आलेला नव्हता, हे मी मुद्दाम सांगतो आहे. समोर कोण असणार हे धरून, हिशेब करून तो घेतला होता. मला राग येतो तो त्यानंतरच्या अकरा वर्षांचा. समोरचा शत्रू बदलला आणि हा आकडा कोणी मनावर घेऊन बदलला नाही.

याच काळात आणखी एक जपानी माणूस हिंदुस्थानात फिरत होता. भिक्खू निचिदात्सु फुजी १९३३ साली वर्ध्याला गांधीजींना भेटले. त्यांच्या निप्पोन्झान म्योहोजी पंथाचं विहार आज वरळीत आहे, तुम्ही त्याच्यावरून कितीदा तरी गेला असाल. जपानमध्ये रणगाड्याची मापं ठरत होती त्याच सुमारास वर्ध्यात अहिंसेची चर्चा चालली होती, आणि दोन्हीकडे जपानीच होते.

आता गाडीत शिरा. तुम्ही कमांडर आहात. झाकण उचलून बुरुजात पाय सोडा आणि खांदे आवळून घ्या, कारण बुरूज एका माणसाचा आहे. खाली पुढे उजवीकडे चालक, डावीकडे पुढच्या मशीनगनवरचा शिपाई. तिसरे तुम्ही. ३७ मिलिमीटरची तोफ तुमच्या छातीशी आहे. ती भरायची तुम्ही, नेम धरायचा तुम्ही, झाडायची तुम्ही. बुरुजाच्या पाठीला, उजवीकडच्या कोपऱ्यात, आणखी एक मशीनगन आहे, तीही तुमचीच. शत्रू कुठे आहे ते फटींतून शोधायचं, चालकाला वळण सांगायचं, बाकीच्या गाड्यांना निशाणांनी इशारे द्यायचे, कारण बहुतेक गाड्यांत रेडिओ नाही. हे सगळं एकाच वेळी. आतल्या भिंतींना अ‍ॅस्बेस्टॉसचं अस्तर आहे, उन्हात तापलेल्या पत्र्याचा चटका बसू नये आणि धक्क्यात डोकं फुटू नये म्हणून. मागे सहा सिलिंडरचं, हवेने थंड होणारं डिझेल इंजिन, १२० अश्वशक्तीचं. डिझेल पेट्रोलसारखं चटकन पेटत नाही, आणि हवेने थंड होणाऱ्या इंजिनाला पाणी लागत नाही. उत्तर मांचुरियाच्या थंडीत गोठणारं पाणी ही मोठीच डोकेदुखी होती. पहिल्या नमुन्याला त्या थंडीत नेऊन तपासलं, दुसरा नमुना नोव्हेंबर १९३५ मध्ये तयार झाला, आणि पुढच्या वर्षापासून कारखाने कामाला लागले. वजन अखेर ७.४ टनांवर स्थिरावलं.

मांचुरियाच्या शेतात पहिल्यांदा गाडी घालता तेव्हा ती पुढे-मागे अशी झुलायला लागते की नेम धरणं सोडाच, बसणं कठीण होतं. तिथे काओलियांग पिकतं. आपल्या ज्वारीच्याच कुळातलं ते धान्य. त्याच्या सऱ्यांमधलं अंतर आणि चाकांमधलं अंतर नेमकं असं जुळलं होतं की प्रत्येक सरी गाडीला झोका द्यायची. तिथल्या गाड्यांना मग मोठ्या चाकांच्या मध्ये एक छोटं चाक जोडावं लागलं. सोलापूर-बार्शीच्या शेतकऱ्याने हे ऐकलं तर त्याला नवल वाटणार नाही. पेरणीचं अंतर त्याच्या बोटांत असतं.

२ जुलै १९३९ ची रात्र. खाल्खिन गोल, मंगोलियाची सीमा. तुम्ही कर्नल तामादाच्या चौथ्या रणगाडा रेजिमेंटमध्ये आहात. ३५ हा-गो तुमच्या आजूबाजूला अंधारात उभे आहेत. वादळ सुटलं आहे. वीज चमकली की गवत, गाड्या, पुढची रशियन तोफांची रांग क्षणभर दिसते आणि पुन्हा काळोख. त्या विजांच्या उजेडात तुम्ही पुढे जाता आणि तोफांच्या रांगेत घुसता. इंजिनाचा आवाज मेघगर्जनेत विरतो. हा छापा साधला. पुढच्या दिवसांत, लख्ख उजेडात, रशियनांच्या ४५ मिलिमीटर तोफा लांबूनच बोलू लागल्या, आणि १२ मिलिमीटरचं पोलाद त्यांच्यापुढे असून नसल्यासारखं झालं. जपानी सेनापतींनी उरलेले रणगाडे जुलैच्या दहा तारखेच्या सुमारास रणातून काढूनच घेतले. धडा तिथे मिळाला होता, आणि मलायात उतरायला अजून अडीच वर्षं होती.

पण नंतर हा-गोला यश मिळालं, आणि या गोष्टीतलं सगळ्यात घातक वळण मला तेच वाटतं. डिसेंबर १९४१, मलाया. जंगलात रणगाडे चालत नाहीत असं ठरवून ब्रिटिशांनी तिथे एकही रणगाडा ठेवलेला नव्हता. जित्राच्या रस्त्यावर मुसळधार पावसात जपानी गाड्या खडखडत आल्या, तेव्हा समोरच्या हिंदी पलटणींतल्या अनेक जवानांनी आयुष्यात रणगाडा पाहिलेला नव्हता. ७ जानेवारी १९४२ च्या पहाटे स्लिम नदीच्या रस्त्यावर, पुढे मध्यम वजनाचे चि-हा आणि त्यांच्यासोबत हा-गो, अशी रांग एकामागून एक ठाणी फोडत दिवस वर येईपर्यंत पुलावर जाऊन पोचली. रबराच्या बागांतून जाणारा डांबरी रस्ता, बाजूला झाडी, समोर रणगाडाभेदी तोफा मोजक्या: १९३४ मध्ये टेबलावर धरलेला शत्रू जणू इथेच भेटला होता. उत्पादन याच दोन वर्षांत सर्वात जास्त झालं. तेवढ्यातच फिलिपाइन्समध्ये अमेरिकी आणि ब्रह्मदेशात पेगूजवळ ब्रिटिश स्टुअर्ट रणगाड्यांशी गाठ पडली, तेव्हा बरोबरीच्या हलक्या रणगाड्यापुढेही चिलखत तोकडं पडतं हे दिसलंच होतं. पण सिंगापूर हाती आलं होतं. जिंकणाऱ्याला कोण विचारतो?

त्या उन्हाळ्यात वरळी काळोखात असते. दिव्यांना काळे कागद, रस्त्यावर वॉर्डनच्या शिट्ट्या. एप्रिल १९४२ मध्ये कोलंबो, विशाखापट्टण, काकिनाडा इथे जपानी विमानांनी बाँब टाकले आणि मुंबईतल्या कित्येकांनी बायकापोरं गावी धाडली. मुंबईतून कापूस नेणारे जपानी व्यापारी आता कुठेच नाहीत. हिंदुस्थानातले जपानी नागरिक दिल्लीच्या पुराण्या किल्ल्यातल्या छावणीत डांबलेले आहेत.

मार्च १९४४. तामू, मणिपूरच्या सीमेवर. तुम्ही पुन्हा त्याच बुरुजात. चौदाव्या रणगाडा रेजिमेंटचे हा-गो झाडीत दबा धरून आहेत, आणि २० तारखेला रस्त्याने ब्रिटिशांच्या थर्ड कॅराबिनियर्सचे ली रणगाडे येताना दिसतात. ते तुमच्या चौपट वजनाचे, पुढचं चिलखत ५० मिलिमीटरच्या घरातलं, ७५ मिलिमीटरची एक तोफ आणि वर बुरुजात ३७ची दुसरी. तुम्ही अगदी जवळ येऊ देता. लांबून मारून उपयोग नाही हे तुम्हाला माहीत आहे. पहिला नेम बसतो, एक ली पेटतो. आता पुढचा गोळा. हात मागे नेऊन तो उचला, भरा, पुन्हा डोळा लावा, आणि तोवर चालक खालून विचारतो आहे की मागे घेऊ का. एका माणसाच्या बुरुजात या प्रत्येक कामासाठी दुसरं काम थांबतं. समोरच्या लीमध्ये सहा-सात माणसं आहेत आणि प्रत्येकाला एकच काम आहे. त्यांचे बुरूज तुमच्याकडे वळलेले तुम्हाला दिसतात. थोड्या वेळात तिथले बहुतेक हा-गो संपले आणि एक धड अवस्थेत पकडला गेला.

त्याच आठवड्यात उत्तरेला सांगशाकच्या टेकडीवर आपली माणसं होती. पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची चौथी बटालियन, ५०व्या हिंदी पॅराशूट ब्रिगेडबरोबर, २६ मार्चपर्यंत पाणी आणि दारूगोळा संपत आलेला असताना झुंजत राहिली. त्या डोंगरांवरून जपान्यांना रणगाडे आणता आले नाहीत. तामूचा रस्ता होता म्हणून तामूला रणगाडे आले. हलक्या गाडीचा सगळा हिशेब कुठेही जाता यावं म्हणून मांडलेला, आणि नागा टेकड्यांनी तोही मोडला.

तामूनंतर चार आठवडेही झाले नाहीत. १४ एप्रिल १९४४, दुपारचे चार वाजून गेलेले. तुम्ही वरळीत आहात आणि पूर्वेकडून असा धमाका येतो की पायाखालची जमीन हलते. अर्ध्या तासाने दुसरा, त्याहून मोठा. गोदीकडे धुराचा डोंगर चढतो आहे. बोळातून एकच ओरडा: जपानी आले! खरं कारण व्हिक्टोरिया डॉकमधली फोर्ट स्टिकिन ही बोट. तिच्यात सुमारे १,४०० टन स्फोटकं होती आणि त्यांच्याच सोबतीला कराचीहून चढवलेल्या कापसाच्या गासड्या. आग त्या कापसात लागली. शेकडो माणसं गेली, त्यांत गोदी कामगार आणि आग विझवणारे जवान किती तरी. 'जपानी आले' म्हणणाऱ्यांना मी भित्रे म्हणणार नाही. सिंगापूर, रंगून पडलेलं त्यांनी पाहिलं होतं. पण इंफाळच्या वेशीवर त्या जपान्यांकडे काय उरलं होतं, ते तुम्ही आतून पाहून आला आहात.

मग सुधारणा झालीच नाही का? झाली, आणि ती वाचताना जीव तुटतो. १९३८ मध्ये के-नि हा चांगला हलका रणगाडा आखला गेला. बुरुजात दोन माणसं, उतरती वळणदार चिलखतं, जास्त वेग. उत्पादन सुरू व्हायला १९४२ उजाडलं आणि झाल्या त्या शंभराच्या आसपास गाड्या, कारण हा-गोचे कारखाने बसलेले होते, सवय झालेली होती. के-रिमध्ये हा-गोच्या त्याच बुरुजात ५७ मिलिमीटरची तोफ बसवून पाहिली. माणसाला हलायलाही जागा उरेना. के-नूमध्ये चि-हाचा जुना मोठा बुरूज हा-गोच्या अंगावर चढवला. नौदलाने का-मि केला, पुढे-मागे पोलादी तरंडे लावून समुद्रातून चालत येणारा, आणि या सगळ्या घराण्यात मला सर्वात कल्पक वाटतो तो हाच. तोही दोनशेच्या आत राहिला. ४७ मिलिमीटर तोफेचा के-हो १९४५ मध्ये नमुन्यापलीकडे गेला नाही. पोलाद जहाजांना आणि विमानांना जात होतं. रणगाड्यांचा नंबर शेवटी. हा-गो मात्र सुमारे २,३०० झाले, आणि मांचुरियापासून पॅसिफिकमधल्या तारावापर्यंत प्रत्येकात तीन माणसं बसवून पाठवले गेले.

आता आजच्या तारखेला या. वरळीहून पहाटे निघालात तर दुपारपर्यंत अहमदनगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला पोचाल. आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूलने १९९४ साली उभारलेल्या तिथल्या रणगाडा संग्रहालयात हा-गो आहे, चि-हाही आहे. पोरं मोठ्या तोफांच्या गाड्यांकडे धावतात आणि ही बुटकी गाडी मागे राहते. तुम्ही आधी तिच्याकडे जा. उजव्या हाताला चालकाची जागा शोधा, कुशीवरची आडवी नळी पाहा, म्हणजे हाराची स्प्रिंग कशी चालत होती ते चित्राशिवाय समजेल. सऱ्यांसाठी जोडलेलं छोटं चाक या गाडीला आहे की नाही तेही बघा. मग मागे जाऊन बुरुजाच्या पाठीवरची मशीनगनची जागा पाहा, आणि तोफेपासून तिथपर्यंत एकट्या माणसाला किती वळावं लागत असेल ते आपल्या खांद्यांनी मोजा.